माहूरची रात्र आणि एक राहून गेलेला धडा

मागच्या महिन्यात पुण्याहून नातवाचा फोन आला. "आजोबा, आम्ही मित्र मित्र रात्री कळसूबाई चढलो. वरून सूर्योदय बघितला. फोटो पाठवलेत, बघा." फोटो बघितले. डोक्याला दिवे बांधलेली पाच-सहा पोरं, मागे तांबडं फुटलेलं. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. रात्रीतून एवढं चढून जाणं काही सोपं नाही. मी कौतुक केलं. मग त्यानं विचारलं, "तुम्ही कधी केलंय का हो असं काही?"

"केलंय की," मी म्हणालो. "१९७० साली. माहूरला."

"माहूर? ते तर देवीचं. तिथं कुठं ट्रेक असतो?"

या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता येईना. चार वाक्यांत मावणारं ते उत्तर नाही. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो आहे.

त्या वर्षी मी नांदेडला पीपल्स कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वसतिगृहात आम्ही पाच जण एकत्र असायचो. नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे, गावावरून मारायचे. भोकऱ्या, किनवट्या, देगलूऱ्या, मी आणि औशा. औशा म्हणजे औसा तालुक्यातला. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर वेगळा झाला तो १९८२ साली. एवढ्या लांबून नांदेडला शिकायला का आलास, असं विचारलं की औशा म्हणायचा, "लातूरला गेलो असतो तर रोज घरी जावं वाटलं असतं." स्वभावानं तो असाच होता, सरळ उत्तर कधी द्यायचा नाही.

दत्तजयंती जवळ आली तसं किनवट्यानं टुमणं लावलं, "चला माझ्या मुलखाला. रात्रभर चढू, शिखरावर दिवस उगवताना बघू." माहूर त्यावेळी किनवट तालुक्यातच होतं. आम्ही मीटरगेजच्या गाडीनं मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत किनवटला उतरलो. किनवट्याच्या घरी आजीनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पुढं एसटीनं माहूर. एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. सागाचं जंगल सुरू झालं तशी थंडी खिडकीतून आत शिरायला लागली. पाच जणांत मिळून घोंगड्या दोन आणि बॅटरी एक, तीही पिवळी जळणारी.

माहूर एका डोंगराचं नाव नाही. गाव खाली आहे आणि वर डोंगरांची रांग. एका डोंगरावर रेणुकामाता, साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ. तिथं देवीचं फक्त मुख आहे. पुढं दत्तशिखर, त्याच्या पुढं अनसूया शिखर. रेणुकेच्या समोरच्या डोंगरावर किल्ला. आता वरपर्यंत गाड्या जातात. आम्ही पायी गेलो, कारण दुसरं काही परवडतच नव्हतं.

तिन्हीसांजेला दत्तजन्म झाला आणि नंतर गर्दी जरा सैल झाली, तेव्हा आम्ही निघालो. पौर्णिमा होती. बॅटरीची गरजच पडली नाही. वाटेनं माणसं चढत होती, उतरत होती. कुणी मराठी बोलत होतं, कुणी तेलुगू, तांड्यावरच्या बाया त्यांच्या गोरमाटीत गाणी म्हणत होत्या, आणि एक कुटुंब गोंडीत बोलत चाललं होतं. आमच्यातल्या किनवट्याला चारही भाषा थोड्या थोड्या कळायच्या. तो मधूनच आम्हाला सांगायचा, त्या म्हातारीचे पाय दुखतात, हा माणूस पोराला रागावलाय. रेणुकेच्या देवळात तांबूल मिळाला. विड्याची पानं कुटून केलेला तो लालभडक प्रसाद. तो तोंडात घोळवत आम्ही दत्तशिखराकडे वळलो.

माहूरबद्दल एक श्रद्धा आहे. दत्त रोज कोल्हापुरात भिक्षा मागतो आणि रात्री निद्रेला माहूरला येतो. महानुभाव मंडळी तर देवदेवेश्वर मंदिरालाच दत्तात्रेयाचं निद्रास्थान मानतात. औशाला ही गोष्ट वाटेत पहिल्यांदा कळली. तो थांबला आणि म्हणाला, "म्हंजे देव झोपायला येलालाय अन् आपण त्याची झोपमोड करायला चाललाव." आम्ही हसलो. पण त्यानंतर का कोण जाणे, आम्ही आवाज खाली आणून बोलायला लागलो.

पीपल्स कॉलेजात त्यावेळी नरहर कुरुंदकर शिकवत होते. त्यांची व्याख्यानं ऐकून ऐकून आम्हाला एक सवय लागली होती. कुठलीही गोष्ट कानावर आली की त्यातलं पुराण किती आणि इतिहास किती हे बघायचं. जेवढं वाचलेलं, तेवढ्यावर रात्रभर वाद. भोकऱ्या म्हणाला, इथं सगळं पुराणच आहे. दत्त, अनसूया, परशुराम, जमदग्नी. इतिहास काही नाही. त्यावर औशा एवढंच म्हणाला, "नसंल कसा? आपल्याला ठाऊक नाही, असं म्हण."

पुढं मी इतिहासाचा मास्तर झालो आणि हळूहळू कळत गेलं की औशाचं बरोबर होतं. काय काय होतं तिथं, थोडक्यात सांगतो.

गावाजवळ डोंगराच्या पोटात लेणी आहेत. लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा संबंध अर्थातच नाही, ती राष्ट्रकूट काळातली मानतात. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी इथं दगड फोडणारे हात होते आणि त्यांना पोसणारं राज्य होतं. पुढं यादवकाळात महानुभावांच्या परंपरेत माहूर फार मोठं ठरलं. फलटणचे चक्रपाणी माहूरच्या यात्रेला आले आणि डोंगरात वाघाच्या रूपानं दत्तात्रेय त्यांना भेटले, अशी कथा आहे. महानुभावांच्या साती ग्रंथांत रवळोबासांचं 'सह्याद्रिवर्णन' आहे. नाव वाचून आपल्याला वाटतं पुण्या-साताऱ्याकडचा सह्याद्री. तसं नाही. तो सह्याद्री म्हणजे आपलं माहूर.

पंधराव्या शतकात, १४२५च्या सुमाराला, अहमदशाह बहमनी माहूरवर चालून आला. पुढं वजीर महमूद गवाननं बहमनी राज्याचे मोठे सुभे फोडून त्यांचे दोन दोन भाग केले, तेव्हा वऱ्हाडाचा एक भाग झाला गाविलगड आणि दुसरा माहूर. म्हणजे माहूर हे सुभ्याचं ठाणं. तिथं कारभारी नेमला खुदावंदखान हबशी. हबशी म्हणजे मूळचा आफ्रिकेकडचा माणूस. समुद्रापलीकडून आलेला माणूस आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या डोंगरावरून राज्य चालवत होता, हे मला बी. ए. झालो तरी माहीत नव्हतं.

१६२३ साली शाहजादा खुर्रमनं बापाविरुद्ध, जहांगीराविरुद्ध, बंड केलं. पराभव झाला, पाठलाग सुरू झाला, आणि हा भावी शाहजहान दक्षिणेत उतरला. माहूरला येऊन त्यानं आपले हत्ती आणि जड सामान तिथल्या उदाराम देशमुखाच्या हवाली केलं आणि हलका होऊन गोवळकोंड्याच्या मुलखातून ओरिसा-बंगालकडे निघून गेला. ताजमहाल बांधणाऱ्याचे हत्ती माहूरच्या डोंगरात ठेवले होते!

याच उदारामाची सून सावित्रीबाई. नवऱ्यामागं तिनं फौज सांभाळली, मोगलांसाठी लढली आणि रायबागन, म्हणजे राजवाघीण, हा किताब मिळवला. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांच्या तावडीत सापडला तेव्हा ही रायबागन त्याच्या सैन्यात होती. शिवभारतात परमानंदानं तिच्या तोंडी चांगलंच खडसावणारं भाषण घातलं आहे. शरण जा, हा तिचा सल्ला. खानानं तो ऐकला आणि फौज जिवंत सुटली. ती लढली शत्रूच्या बाजूनं, हे खरंच. पण त्या खिंडीत शुद्धीवर असलेली तीच एकटी होती असं वाटतं. आणि ती होती माहूरची.

हे सगळं त्या रात्री आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही शिखरावर पोचलो तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील. घोंगडीत घुसून, एकमेकांना चिकटून, दात वाजवत बसलो. चंद्र पश्चिमेला कलला होता. हळूहळू पूर्वेकडच्या डोंगरांच्या कडा दिसायला लागल्या. मग रंग आले. आणि डाव्या हाताला, उत्तरेकडे, खाली खोलात धुक्याचा एक लांब पांढरा पट्टा दिसला. वळणं घेत गेलेला.

"पैनगंगा," किनवट्या म्हणाला. "तिच्या पल्याड वऱ्हाड. माझी आजी ती नदी रात्री उतरून गेली होती."

सूर्य वर येत होता आणि तो सांगत होता. १९४८चा उन्हाळा. निजामाचं राज्य, रझाकारांचा धुमाकूळ. (या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी मूळ लातूरला वकिली करणारा, हेही लातूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखं.) पैनगंगेच्या अलीकडे निजाम, पलीकडे हिंदुस्थान. वऱ्हाड इंग्रजांकडे गेलेलं असल्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ला तिकडचा मुलूख स्वतंत्र झाला, इकडचा नाही. नदीचं पात्र तेवढं अंतर. उमरखेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामाची छावणी होती, तिथून कार्यकर्ते अलीकडे येत. उलट दिशेनं घरंदारं सोडलेली माणसं पलीकडे जात. किनवट्याच्या आजीनं धाकट्या लेकराच्या तोंडात गुळाचा खडा धरला होता, रडू नये म्हणून. पाणी मांडीइतकं होतं. पल्याडच्या काठावर ती बसून राहिली आणि उजाडलं तेव्हा तिनं सूर्याला हात जोडले. किनवट्या म्हणाला, "आजी म्हणते, तसा दिवस तिनं परत कधी उगवताना बघितला नाही."

धपाटे बांधून देणारी ती आजी आम्ही आदल्याच दिवशी बघितली होती. आम्ही तिला काही विचारलं नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामानं शरणागती दिली. पण माहूर तेव्हाही नांदेडात नव्हतं, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट तालुका आदिलाबादेतून नांदेडात आला आणि नांदेडातला मुधोळ आदिलाबादेत गेला. म्हणजे आम्ही ज्या डोंगरावर बसलो होतो तो आमच्या जिल्ह्यात येऊन चौदाच वर्षं झाली होती. आमच्यातले काही जण तर त्या डोंगरापेक्षा जुने नांदेडकर!

सगळं ऐकून झाल्यावर औशा म्हणाला, "ह्या डोंगराला किती धनी झाले रे. अन् वाट मात्र ह्या रात्री चढणाऱ्या लोकांचीच ऱ्हायली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू मास्तर होणार ना? हे शिकव पोरांना."

मी हो म्हणालो.

वाचकहो, खरं सांगायचं तर मी ते शिकवलं नाही.

१९७२ला मी नांदेड जिल्ह्यात नोकरीला लागलो. इतिहास शिकवायचो. प्लासी शिकवली, पानिपत शिकवलं, फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं तर झोपेत विचारली तरी सांगेन अशी पाठ होती. उंबरखिंड शिकवली, रायबागनचं नाव घेतलं, पण ती आपल्याच जिल्ह्यातली हे सांगायचं राहिलं. परीक्षेला येत नव्हतं. अभ्यासक्रम संपवायचा होता. ही कारणं मीच मला दिलेली. कुणी अडवलं नव्हतं. पाठ्यपुस्तकाबाहेरचं दहा मिनिटं बोललं म्हणून कुठल्या मास्तराला कुणी फासावर देत नाही.

औशाही मास्तर झाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत, स्वतःच्याच गावी. त्याचं वर्षातून एखादं कार्ड यायचं. एका कार्डात त्यानं लिहिलं होतं की सातवीच्या पोरांना घेऊन मध्यरात्री खरोशाला गेलो, डोंगरावर चढवलं आणि दिवस उगवताना दाखवला. खरोसा म्हणजे औसा तालुक्यातलीच लेणी, जांभ्या दगडात कोरलेली, सहाव्या शतकाच्या आसपासची. वर तिथंही रेणुकामाताच आहे. शेवटी एक ओळ होती, 'माहूर इथंबी हाय. तुझ्या पोरांना नेलंस का?' त्या कार्डाला मी उत्तर दिलं, पण प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी येऊन झोपली होती. पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. आपल्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन दोन हात रुंद भिंती आणि वर माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर टाकायचा, गळू नये म्हणून. तेच थर झोपलेल्यांच्या अंगावर आले. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. ५२ गावं पुढं दुसरीकडे नव्यानं वसवावी लागली. उन्हात थंड, थंडीत ऊबदार म्हणून ज्या घरांचं आपण कौतुक करायचो, त्यांनीच घात केला.

औशा त्यात गेला. वहिनी आणि थोरली मुलगी बाहेरगावी होत्या, म्हणून वाचल्या.

आम्ही नांदेडहून कपडे आणि धान्य घेऊन चौथ्या दिवशी पोचलो. पाऊस लागून राहिला होता. शाळेची एक भिंत उभी होती, तिच्यावर नकाशा रंगवलेला. ताडपत्रीखाली बसलेल्या लोकांत मी त्याच्या घरच्यांची चौकशी करत होतो. एक दहा-बारा वर्षांचा पोरगा उठून जवळ आला. डोक्याला पट्टी. त्यानं विचारलं, "तुमी माहूरचे सर का?"

मला आधी कळलंच नाही. मग समजलं. औशा दरवर्षी वर्गात त्या रात्रीची गोष्ट सांगायचा. देवाची झोपमोड, शाहजहानचे हत्ती, रायबागन, गुळाचा खडा, सगळं. मी पत्रातून अधूनमधून जे कळवत गेलो होतो ते सगळं त्यानं गोष्टीत ओवलं होतं. आणि नांदेडला आपला एक दोस्त आहे, तो तिथल्या पोरांना माहूर शिकवतो, असंही सांगायचा.

त्या पोराला मी काय सांगणार? "हो," म्हणालो. दुसऱ्यांदा हो म्हणालो.

१९९४ पासून २००८ला निवृत्त होईपर्यंत मी सहा वेळा मुलांना माहूरला नेलं. दरवर्षी जमलं नाही. कधी बस मिळाली नाही, कधी पालक नको म्हणाले, कधी माझेच गुडघे. रात्रभर चढणं शाळेच्या पोरांना घेऊन शक्य नव्हतं, पण पहाटे तीनला उठवून शिखरावर बसवायचो. उजेड यायला लागला की खालचा धुक्याचा पट्टा दाखवायचो आणि आजीची गोष्ट सांगायचो. रायबागन, खुदावंदखान हे सगळं नंतर, ऊन अंगावर आल्यावर. थंडीत कुडकुडणाऱ्या पोराला सनावळ्या सांगू नयेत, एवढं एव्हाना कळलं होतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी करायला लावली. घरी गेल्यावर आपापल्या आजी-आजोबांना विचारायचं, १९४८ला तुम्ही कुठं होता? वहीत लिहून आणायचं. त्या वह्यांत फार काही आलं. कुणाचे आजोबा पुसदला चुलत्याकडे राहिले, कुणाची पणजी तीन महिने शेतातल्या खोपीत. एका मुलानं लिहिलं होतं, 'आमच्या घरात मुसलमान शेजाऱ्याने आम्हाला लपविले. सप्टेंबरनंतर आम्ही त्याला लपविले.' दोनच वाक्यं. मी त्याला दहापैकी दहा दिले. आता त्या पिढीतलं विचारायला फारसं कुणी उरलेलं नाही.

किनवट्याच्या आजीला मात्र आम्ही विचारलं नाही ते नाहीच. तिची गोष्ट आमच्याकडे नातवाच्या तोंडून आली, तेवढीच.

असो. नातवाच्या प्रश्नाचं उत्तर एवढं लांबलं. कळसूबाई सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण पुढच्या दत्तजयंतीला त्याला इकडे बोलावलं आहे. मी शिखरापर्यंत गाडीनं जाईन, तो आणि त्याचे मित्र पायी येतील. येताना वाटेतल्या माणसांशी बोला, असं सांगितलं आहे. कोण कुठून आलं, का आलं, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

त्यानं विचारलं, "डोक्याचे दिवे आणू ना?" म्हटलं, आण. पण पौर्णिमा आहे, बहुतेक लागणार नाहीत. आणि वर बोलताना आवाज जरा खाली ठेवा.